कृतज्ञ कोणास म्हणावे?

पाठशाळेत गुरुजींनी ‘कृतज्ञ’ शब्दाचा विग्रह शिकवला होता : कृतं जानाति. दुसऱ्याने केलेले जो जाणतो, तो कृतज्ञ. चाळीस वर्षे मी हा विग्रह कीर्तनात सांगत आलो. पण त्याचा अर्थ मला कळला तो डोके फुटल्यावर. उपकार जाणायचा, तर जाणणारे ठिकाण आधी शाबूत पाहिजे ना? तेच दुखावले तर माणसाने कृतज्ञ कसे व्हावे? आजचे चार शब्द याच प्रश्नावर आहेत.

तीन वर्षांपूर्वी मार्गशीर्षात मेहकरकडचे कीर्तन आटोपून रात्री मोटारसायकलवर मागे बसून गावी निघालो. चाक खड्ड्यात गेले आणि मी डोक्यावर पडलो. डोक्याला फेटा होता, हेल्मेट नव्हते, चूक माझीच. पुढचे मला आठवत नाही, लोकांनी सांगितले तेच सांगतो. कापसाचा टेम्पो घेऊन चाललेल्या एका माणसाने मला उचलले, बुलढाण्याच्या दवाखान्यात पोचवले आणि नाव न सांगता तो निघून गेला. तिथून मला संभाजीनगरास नेले. डॉक्टरांनी कवटीत साचलेले रक्त काढले, म्हणून जीव राहिला.

शुद्धीवर आलो, पण शब्द गेले होते. पाणी मागायचे तर तोंडातून ‘चप्पल’ निघे. समोर घरची मंडळी उभी, आणि जिच्याबरोबर जन्म काढला तिचे नाव ओठावर येईना. ज्याने शब्दांवर पोट भरले, त्याची ही गत!

घरच्यांनी संध्याकाळी उशाशी बसून हरिपाठ सुरू केला. चौथ्या का पाचव्या दिवशी मी त्यात सूर मिसळला. बोलता येत नव्हते, पण चालीवर नाम म्हणता येत होते. लोक म्हणाले, चमत्कार झाला. डॉक्टर म्हणाले, बोलण्याचे काम बहुतेकांत मेंदूची डावी बाजू करते, गाण्यात उजवीही हात लावते. शिवाय रोजचे पाठ असलेले खोल रुजलेले असते. मला या दोन्हींत भांडण दिसत नाही. ज्याने गळा दिला, त्यानेच ती रचनाही दिली. मात्र नाम घेतले म्हणजे औषध नको, असे कोणी समजू नये.

घरी आल्यावर खरी परीक्षा झाली. जखमी मेंदू लवकर थकतो आणि लवकर चिडतो. एके दिवशी भाजीत मीठ नाही म्हणून मी ताट भिरकावले. मीठ होते, मलाच चव कळत नव्हती. नात मुकाट्याने भाकरीचे तुकडे वेचत बसली. सज्जनहो, वैराग्यावर निरूपण करणारा तो मीच का? त्या रात्री मी रडलो.

दुसऱ्या दिवशी नातीने एक वही केली. पानाच्या एका बाजूला ‘आज आजोबांनी काय केले’, दुसऱ्या बाजूला ‘आज आजोबांसाठी कोणी काय केले’. बंडीचा बंद स्वतः बांधला. काठीवाचून तुळशीपर्यंत गेले. दुसऱ्या बाजूला : आजीने पाय चोळले, शेजारच्या काकांनी दूध आणले. रोज रात्री ती मला वाचून दाखवी. मला स्वतःहून आठवत नव्हते. वही माझ्यासाठी जाणत होती. आणि दुसरी बाजू रोज पहिलीपेक्षा लांब भरे.

एक दृष्टांत सांगतो. १९६२ साली भारताचा क्रिकेट कप्तान नरी काँट्रॅक्टर वेस्ट इंडीजमध्ये बार्बाडोसला खेळत असता चेंडू डोक्याला लागून त्याची कवटी फुटली. तो बेशुद्ध असताना रक्त देण्यास प्रतिपक्षाचा कप्तान फ्रँक वॉरेल पुढे आला; आपले चंदू बोर्डे, बापू नाडकर्णी यांनीही दिले. काँट्रॅक्टर पुन्हा कसोटी सामना खेळला नाही, पण बरा होऊन रणजीच्या मैदानात परत उतरला. ज्याला रक्त मिळत होते त्याला देणारा ठाऊक नव्हता. बहुतेक उपकार असेच आपण बेशुद्ध असताना होतात. आईच्या मांडीवरचे कोणाला आठवते?

म्हणून ‘मी पूर्वी केवढा होतो’ हे माप सोडावे. शेगावची पालखी पंढरीस महिनाभर चालते. वारकरी रोजचा मुक्काम तेवढा पाहतो. भगवंतांनीही गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुनाला हेच आश्वासन दिले आहे, की या मार्गावर केलेला आरंभ वाया जात नाही.

गेल्या वर्षी गावच्या सप्ताहात कीर्तनाला उभा राहिलो. अर्ध्या वाटेवर पुढचा शब्द हरवला. पूर्वी मी टाळकऱ्यांच्या चुका काढी. त्या रात्री मागून एक म्हातारा टाळकरी हळूच बोलला, “महाराज, घाबरू नोका, आमी आहो न मांगं,” आणि सगळ्यांनी ध्रुपद उचलून धरले. ते गात राहिले तोवर शब्द सापडला. आजही काही शब्द सापडत नाहीत. ध्रुपद धरणारे मात्र सापडले आहेत.

राहता राहिला तो टेम्पोवाला. पुष्कळ चौकशी केली, पत्ता लागला नाही. मग त्याचे आभार कोणत्या ठिकाणी पोचवावे? वहीत त्याची ओळ नातीने कोरी ठेवली होती. या आषाढीला मी तिथे ‘पांडुरंग’ लिहिले आणि वही वारीत बरोबर नेली.

आपणही एक वही करावी. डोके फुटण्याची वाट पाहू नये. आणि मोटारसायकलवर बसताना, पुढे असा की मागे, हेल्मेट घालावे. फेटा कीर्तनासाठी आहे.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!