साहेबांपुढे बोलायचे कोणी?



आपल्यापैकी बरेच जण बँकेत, इस्पितळात, शाळेत किंवा कारखान्यात नोकरी करतात. काही चुकत असल्याचे दिसते, पण आपण गप्प बसतो. साहेबांना जास्त कळते, उगाच वाईटपणा कशाला घ्यायचा? पुढे नुकसान झाले की ठाऊक असूनही जो बोलला नाही, त्याला सगळे दोष देतात. तो दोष सर्वस्वी त्याचाच असतो का?

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या टेनेरीफ बेटावर दोन जम्बो विमाने धुक्यात धावपट्टीवरच आदळली आणि ५८३ माणसे मरण पावली. त्यांतील डच विमानाचा कॅप्टन म्हणजे इतर वैमानिकांना शिकवणारा ज्येष्ठ माणूस. निघायची घाई होती. त्याने विमान पुढे काढायला घेतले तेव्हा सहवैमानिकाने अजून परवानगी नसल्याची आठवण करून दिली आणि तो थांबला. थोड्याच वेळात, परवानगी मिळाली असे समजून तो पुन्हा निघाला. प्रत्यक्षात उड्डाणाची परवानगी मिळालेली नव्हती. या वेळी त्याला कोणी अडवले नाही. रेडिओवरचे बोलणे ऐकून फ्लाइट इंजिनिअरने विचारले, ते दुसरे विमान बाजूला झालेले नाही का? झाले आहे, असे कॅप्टनने ठासून सांगितले. इंजिनिअरने पुन्हा विचारले नाही.

अपघाताची कारणे अनेक होती. दाट धुके होते, एकाच वेळी दोघे बोलल्यामुळे रेडिओवरचा महत्त्वाचा संदेशही नीट ऐकू आला नाही. पण आम्हाला विचारात पाडते ती वेगळीच गोष्ट. कॅप्टनने कोणाचा अपमान केला नव्हता. आधी एकदा तर त्याने ऐकलेही होते. तरीही त्याच्या ठाम शब्दापुढे दुसऱ्याची शंका विरून गेली. म्हणजे वरिष्ठाने रागावू नये, एवढ्याने भागत नाही. गप्प बसणाऱ्याचीही जबाबदारी असतेच, पण बोलण्याची किंमत त्याला मोजावी लागते आणि ती किती असावी हे साहेबाच्या हातात असते. या अपघातानंतरच्या काळात वैमानिकांच्या प्रशिक्षणात कॅप्टनने विचारायला आणि कनिष्ठाने आग्रह धरायला शिकावे, यावर भर आला.

अमेरिकन संशोधिका एमी एडमंडसन यांनी १९९० च्या दशकात इस्पितळांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. जिथे माणसे एकजुटीने काम करतात तिथे चुका कमी असतील, अशी त्यांची अपेक्षा होती. नोंदी मात्र तिथेच जास्त निघाल्या! तिथल्या परिचारिका चुका लपवत नव्हत्या, असा उलगडा त्यांना पुढे झाला.

मीटिंग संपताना घड्याळाकडे बघत 'कोणाला काही शंका?' असे विचारले तर उत्तर ठरलेलेच. त्यापेक्षा 'यात काय चुकू शकेल?' असे विचारावे, नव्याने लागलेल्या मुलीला आधी बोलू द्यावे आणि स्वतःचे मत शेवटी सांगावे. वाईट बातमी घेऊन येणाऱ्या पहिल्या माणसाशी साहेब कसे वागतात, हे बाकीचे सगळे टिपत असतात.

मग शिस्तीचे काय? हलगर्जीपणा खपवून घ्यावा असे कोणी म्हणत नाही. संत बेनेडिक्ट यांनी सहाव्या शतकात मठासाठी नियम लिहिले. महत्त्वाच्या कामी मठाधिपतीने सर्वांना बोलावून तरुणांचेही ऐकावे, असे त्यात आहे. मठवासीयांनी आपल्या मताचा हट्ट धरू नये, हेही आहे. निर्णय त्यांनी मठाधिपतीकडेच ठेवला, पण सर्वांचे ऐकून घेतल्यानंतर.