आधी तारखेची कामं, मग निर्णय

पलूस, भाद्रपद

चि. बाळ व चि. सौ. सूनबाई यांस,


परवा फोनवर तुम्ही दोघं आळीपाळीनं बोलत होता आणि एकाचं वाक्य दुसरा तोडत होता. त्यात भांडण नव्हतं, थकवा होता, हे मला कळलं. म्हणून जे फोनवर नीट सांगता येत नाही ते पत्रात लिहिते आहे. सावकाश वाचा.

एका वर्षात तुमच्याकडं काय काय झालं बघा. चैत्रात बाळची नोकरी बदलली आणि पुण्याचं घर सोडून तुम्ही बंगळूरला गेलात. सूनबाईनं तिथं जूनमध्ये नवी नोकरी धरली. आषाढात माझा दादा, बाळचा बाप, गेला. आणि आता फेब्रुवारीत घरात पाळणा हलणार. एवढं सगळं एकदम अंगावर आलं की माणसाला वाटतं, राहिलेलंही एका दमात उरकून टाकू. आईला बंगळूरला नेऊ, बाग मोडू, नोकरी सोडू, घर विकू. माझं सांगणं याच्या उलट आहे. ज्या कामांना तारीख आहे ती आजच करा. ज्यांना तारीख नाही ते निर्णय पुढच्या पाडव्यापर्यंत राहू द्या.

तारखेचं पहिलं काम वारस नोंदीचं. खातेदार गेल्यावर 3 महिन्यांच्या आत वारसांनी कळवायचं असतं आणि त्यातले दोन महिने होत आले. त्यासाठी रजा काढून यायची गरज नाही. सरकारच्या ई-हक्क पोर्टलवरून तिथूनच अर्ज होतो. मृत्यूचा दाखला, सातबारा आणि वारसांचं प्रतिज्ञापत्र जोडा. मग फेरफार पडेल, हरकतीची मुदत जाईल आणि नोंद मंजूर होईल. वारस म्हणून तीन नावं लागतील: आईचं, बाळ, तुझं आणि तुझ्या ताईचं. इथं मी आत्या म्हणून नव्हे, एक बहीण म्हणून लिहिते. पारावर कोणी ना कोणी तुला सांगेलच, की ताईकडून हक्कसोड करून घे, म्हणजे पुढं कटकट नको. ऐकू नकोस. 2005 च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क दिला आहे. उद्या ताईला काही सोडावंसं वाटलं तर तो तिचा विचार. बापाचं वर्षश्राद्धही झालेलं नसताना भावानं बहिणीपुढं सहीचा कागद ठेवू नये. आमच्या पिढीत असे कागद राखीपौर्णिमेच्या जेवणानंतर पुढं यायचे आणि बायका न वाचता सह्या करायच्या. पुढं कैक घरांत भाऊबीज बंद झाली, त्याचं मूळ त्या कागदात होतं.

दुसरं, द्राक्षबाग. ऑक्टोबर छाटणी कोणाच्या दुःखासाठी थांबत नाही. छाटणी, मग डिपिंग, विरळणी, पाऊस पडला की डाऊनीची फवारणी; हे वहिनीनं, तुमच्या आईनं, एकटीनं रेटावं असं कोणी म्हणू नये. बाग मोडायचीही नाही. यंदा एका हंगामापुरती वाट्यानं द्या, साध्या कागदावर का होईना लिहून द्या, आणि औषधाचा खर्च कोणाचा ते त्यात आधी घाला. भांडणं तिथंच होतात.

आता सूनबाई, तुझं. तू म्हणालीस, राजीनामा देते आणि बाळंत होईपर्यंत पलूसला आईंजवळ राहते. तुझी माया मला कळते. पण राजीनामा देऊ नकोस. कायद्यानं तुला 26 आठवड्यांची पगारी रजा आहे आणि त्यातले 8 आठवडे बाळंतपणाआधी घेता येतात. त्यासाठी आधीच्या बारा महिन्यांत त्या नोकरीत किमान 80 दिवस काम झालेलं लागतं, ते तुझं होतंच आहे. हातातली रजा टाकून रिकाम्या हातानं यायचं आणि वर्षानं पुन्हा पहिल्यापासून नोकरी शोधायची, हे मला पटत नाही. तुम्ही पुणं सोडलंत ते बाळच्या नोकरीसाठी. म्हणजे या वर्षात एक पाऊल तू आधीच मागं घेतलं आहेस. दुसरं पाऊल मागं घ्यायची पाळी आली तर ती त्याची. हे त्यानंही वाचावं म्हणून एकाच पत्रात लिहिते आहे. आणि दोघांनीही जुन्या नोकरीचा पीएफ काढून खर्चू नका, नव्या खात्यात वळता करा. पेन्शनला 10 वर्षांची सेवा मोजतात, ती तुटते.

वहिनीला बंगळूरला नेण्याची घाई तर मुळीच नको. नवरा गेला, त्यात गाव गेलं, भाषाही गेली, तर तिच्याजवळ उरलं काय? इथं तिला धोंडिराज महाराजांचं देऊळ आहे, शेजार आहे, मी दोन गल्ल्या सोडून आहे. बाळंतपणाला ती महिनाभर येईल, आनंदानं येईल. कायमचं यायचं का, ते वर्षानंतर तिचं तिला ठरवू दे.

तुमच्या नव्या गावाबद्दल एवढंच. आपल्या शेजारची किर्लोस्करवाडी कशी वसली ते आठवा. बेळगाव नगरपालिकेनं जागा सोडायला सांगितली म्हणून लक्ष्मणराव किर्लोस्कर 1910 मध्ये कारखाना उचलून कुंडल रोड स्टेशनाजवळच्या निवडुंगाच्या माळावर आले. औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी ती जागा दिली. लक्ष्मणरावांचा थोरला शंतनू तेव्हा सहा-सात वर्षांचा होता, म्हणजे त्यांच्या पत्नी राधाबाईंनी लेकरं घेऊन त्या माळावर संसार मांडला. पण ते जोडपं एकटं आलं नव्हतं. थोरले भाऊ रामूअण्णा होते. जांभेकर, रेगे, फळणीकर हे सहकारी होते. कामगारांची कुटुंबं होती. कारखान्याबरोबर गाव उभं राहिलं, म्हणून माणसं टिकली. विट्याकडचे गलाईवाले आज केरळ-तमिळनाडूत सोन्याचांदीच्या गलाईची दुकानं चालवतात, तेही गावचा माणूस जिथं आहे त्या पेठेतच आधी बस्तान बसवतात. तुम्ही सहा महिन्यांत शेजारच्या एका घरातला चहा प्यायला नाहीत, हे सूनबाईच्या तोंडून कळलं तेव्हा मला तुमच्या पगाराच्या आकड्यापेक्षा त्याची काळजी जास्त वाटली. दवाखान्यात रात्री-अपरात्री सोबत येईल असं एक तरी घर फेब्रुवारीच्या आत जोडा.

दसऱ्याला या. त्याआधी ताईला फोन करा आणि वारस नोंदीचा अर्ज तिला विचारून, तिच्या नावासकट, या आठवड्यातच भरा.

तुमची,
आत्या