कौल आणि रोजचा पाठ

अडचणीच्या वेळी पवित्र शास्त्र उघडावे, बोट पडेल ते वचन वाचावे आणि तोच देवाचा कौल मानावा, ही रीत फार जुनी आहे. इ.स. 386 मध्ये मिलान शहरातल्या एका बागेत ऑगस्टीनने पौलाच्या पत्रांचा ग्रंथ असाच उघडला. रोमकरांस पत्राच्या 13 व्या अध्यायातल्या शेवटच्या ओळींवर त्याची नजर गेली आणि वर्षानुवर्षांची घालमेल संपली. प्रसंग सर्वांना ठाऊक आहे, पण त्याआधीचे फारसे कोणी सांगत नाही. तो ग्रंथ हाताशी होता, कारण ऑगस्टीन पौल वाचतच होता, आणि बिशप अँब्रोझची प्रवचनेही तो ऐकत आला होता. कौल मिळाला तो मशागत झालेल्या जमिनीला. पुढे त्यानेच संसारातल्या व्यवहारांसाठी शुभवर्तमानाची पाने अशी उघडून पाहणे आपल्याला आवडत नसल्याचे लिहिले, आणि त्यानंतरच्या शतकात गॉलमधल्या धर्मपरिषदांनी ग्रंथ उघडून भविष्य पाहण्यावर बंदी घातली.

मठांनी दुसरी वाट धरली. सहाव्या शतकात बेनेडिक्टने घालून दिलेल्या नियमात स्तोत्रसंहितेतली सगळी 150 स्तोत्रे आठवड्याभरात म्हणून व्हायची, शिवाय रोज वाचनासाठी ठरलेला वेळ असे. आज मन उदास आहे म्हणून आनंदाचे स्तोत्र टाळायची मुभा नव्हती. बाराव्या शतकात ग्विगो नावाच्या कार्थुसियन संन्याशाने या साधनेची शिडी मांडली. तिच्या चार पायऱ्या आहेत: वाचन, मनन, प्रार्थना आणि ध्यान. मला या क्रमात प्रार्थनेची जागा महत्त्वाची वाटते. ती तिसरी आहे. मागणे मागण्याआधी ऐकून घ्यायचे, आणि ऐकलेले मनात घोळवायचे.

सप्टेंबर 1522 मध्ये लूथरचा जर्मन नवा करार छापून आला आणि हे वाचन मठाच्या भिंतीबाहेर, घराघरांत जाण्याची वाट मोकळी झाली. एकट्याने, आपल्या भाषेत, आपल्या खोलीत वाचणारा भाविक ही मोठीच कमाई होती. धोकाही तिथेच होता. एकटा वाचणारा आपल्याला हवे तेच शोधतो. धीर देणारी दहा वचने पाठ करतो आणि जाब विचारणारी पाने उलटतो. सॅक्सनीतल्या हेर्नहूट या खेड्यातल्या मोरेव्हियन बंधुमंडळाने त्यावर उपाय काढला. 1728 मध्ये काउंट त्सिन्झेनडॉर्फने मंडळीला दिवसासाठी एक वचन दिले, मग ते रोज घरोघरी पोहोचू लागले, आणि 1731 पासून वर्षभराची वचने आधीच छापली जाऊ लागली. जुन्या करारातले वचन चिठ्ठी टाकून निघते. म्हणजे योगायोग इथेही आहे, पण तो वाचणाऱ्याच्या हातात नाही. सुतकातल्या घराला आणि लग्नघराला त्या दिवशी एकच वचन मिळते. ती पुस्तिका आजही पन्नासहून अधिक भाषांत निघते.

या साधनेचे खरे मोल मला जर्मन पाळक डिट्रिश बोनहोफरच्या आयुष्यात दिसते. फिंकेनवाल्डे येथील पाठशाळेत तो होतकरू पाळकांना रोज अर्धा तास, आठवडाभर एकाच छोट्या उताऱ्यावर मनन करायला बसवी. विद्यार्थी सुरुवातीला कुरकुरले. 1937 मध्ये गेस्टापोने, म्हणजे नाझी राजवटीच्या गुप्त पोलिसांनी, ती पाठशाळा बंद केली. जून 1939 मध्ये मित्रांनी त्याला न्यूयॉर्कला सुरक्षित जागी नेले, पण त्याच्या मनाला स्वस्थता नव्हती. 20 जूनला त्याने तिथे राहण्याचा प्रस्ताव नाकारला. त्यानंतर, 24 तारखेला, हेर्नहूटच्या पुस्तिकेत यशयाचे वचन आले, विश्वास ठेवणारा पळून जात नाही अशा अर्थाचे. दोन दिवसांनी तीमथ्याला लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातली, हिवाळ्यापूर्वी येण्याची पौलाची विनंती त्याच्या वाचनात आली आणि दिवसभर मनातून हलली नाही.

तारखांचा क्रम पाहावा. निर्णय आधी झाला, वचने नंतर आली. पण तो निर्णय घेणारे मन इतक्या वर्षांच्या वाचनातून तयार झाले होते. नंतरच्या वचनांनी त्याला त्या निर्णयावर उभे राहण्याचे बळ दिले. जुलैत तो जर्मनीला परतला. 9 एप्रिल 1945 रोजी फ्लोसेनब्युर्गच्या छळछावणीत त्याला फाशी दिले गेले. सुखरूप राहण्याचा मार्ग शास्त्राने त्याला दाखवला नाही, ही गोष्ट शास्त्रातून मार्गदर्शन मागणाऱ्या प्रत्येकाने मनाशी ठेवावी.

मराठीतही हाच अनुभव आहे. 1893 मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना रेल्वेत एका युरोपियन सहप्रवाशाने नारायण वामन टिळकांना नवा करार दिला आणि तो वाचण्याचे वचन घेतले. टिळक डोंगरावरील प्रवचनापाशी खिळले, तरी बाप्तिस्मा झाला तो फेब्रुवारी 1895 मध्ये. मधला सगळा काळ वाचनाचा, झगड्याचा होता. पंडिता रमाबाईंनी तर उतारवयातली वर्षे हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर करण्यात घालवली. केडगावच्या मुक्ती मिशनमधल्या अल्पशिक्षित बायकांना कोणाच्या मध्यस्थीशिवाय शास्त्र वाचता यावे, ही त्यांची तळमळ होती. 1922 मध्ये त्या गेल्या, आणि संपूर्ण बायबल 1924 मध्ये प्रसिद्ध झाले.

आज मोबाइलवर सकाळी एक वचन येते, सुंदर चित्रावर छापलेले. ते वाचून दिवस सुरू करणाऱ्यांना मी नावे ठेवणार नाही. पण तेवढ्यावर थांबू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. मार्काचे शुभवर्तमान 16 अध्यायांचे आहे. उद्या सकाळी पहिला अध्याय वाचा, परवा दुसरा, आणि न आवडलेला अध्याय गाळू नका.