पोकळीचे भय : पास्कलचे प्रयोग आणि त्याची श्रद्धा

निसर्गातील घटनांचे कारण शोधताना माणूस स्वतःच्या मनातील ओढी आणि भये निसर्गावर आरोपित करतो का, आणि ती निसर्गातून काढून घेतली तर ईश्वरावरील श्रद्धेला कोणता आधार उरतो, हा प्रश्न सतराव्या शतकातील युरोपात एका काचेच्या नळीने आणि थोड्या पाऱ्याने विचारला. त्याआधी सुमारे दोन हजार वर्षे अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत असे मानले जात होते की विश्वात पोकळी, म्हणजे ज्या जागेत कोणतेही द्रव्य नाही अशी जागा, असूच शकत नाही; आणि मध्ययुगीन विद्यापीठांतील पंडितांनी या मताला असे रूप दिले की निसर्गाला पोकळीचे भय वाटते, म्हणूनच पिचकारीचा दट्ट्या मागे ओढताच पाणी त्याच्या पाठोपाठ धावते. हा वाद केवळ पदार्थविज्ञानाचा नव्हता. १२७७ मध्ये पॅरिसचा बिशप एतिएन ताँपिए याने जी मते निषिद्ध ठरवली, त्यांत ईश्वर विश्वाला सरळ रेषेत हलवू शकत नाही, कारण तसे केल्यास मागे पोकळी राहील, हेही एक मत होते. अ‍ॅरिस्टॉटलच्या तर्काने ईश्वराच्या सामर्थ्याला मर्यादा पडते, हे धर्माधिकाऱ्यांना मान्य नव्हते. त्यामुळे पोकळीची शक्यता विचारात घेण्याची वाट काही अंशी धर्मशास्त्रानेच मोकळी केली, ही गोष्ट धर्म आणि विज्ञान यांच्या संघर्षाची सरधोपट कथा सांगणाऱ्यांच्या नजरेतून नेहमी निसटते.

पाणी वर खेचणारा पंप सुमारे १० मीटरपेक्षा अधिक उंचीवर पाणी चढवू शकत नाही, हे कारागिरांना ठाऊक होते आणि गॅलिलिओने १६३८ च्या ग्रंथात त्याची नोंदही केली होती. निसर्गाचे भय अमर्याद असते, तर ते नेमके १० मीटरवर का थांबावे? एव्हांजेलिस्ता तोरिचेल्ली याने पाण्याऐवजी सुमारे साडेतेरा पट जड असलेला पारा घेतला आणि त्याने भरलेली नळी पाऱ्याच्या भांड्यात उलटी धरली, तेव्हा पारा नळीत सुमारे ७६ सेंटीमीटर उंचीवर स्थिर राहिला आणि त्याच्या वर रिकामी दिसणारी जागा उरली. १६४४ मधील एका पत्रात त्याने याचे कारण असे मांडले की माणसे हवेच्या महासागराच्या तळाशी राहतात आणि त्या हवेचे वजन भांड्यातील पाऱ्यावर पडून नळीतील पारा तोलून धरते.

ब्लेझ पास्कल (१६२३–१६६२) याने फ्रान्समधील रूआँ या नगरात हे प्रयोग मोठ्या प्रमाणावर केले. त्याने ४६ फूट लांबीच्या नळ्या वापरून पाणी आणि द्राक्षमद्य यांची तुलना लोकांसमोर केली. नळीच्या वरच्या भागात द्रवाची वाफ भरत असावी, असे मानणाऱ्यांची अपेक्षा होती की मद्य अधिक सहज उडणारे असल्याने ते पाण्यापेक्षा खाली उतरेल; प्रत्यक्षात मद्य पाण्यापेक्षा हलके असल्याने किंचित वरच राहिले. तरीही पास्कलने १६४७ च्या पुस्तिकेत जुने मत एकदम टाकून दिले नाही. निसर्गाचे भय मर्यादित आहे, एवढेच त्याने म्हटले, कारण त्याच्या प्रयोगांतून तेवढेच निःसंशय निघत होते. त्याच वर्षी १५ नोव्हेंबरला त्याने आपला मेहुणा फ्लोराँ पेरिए याला लिहिलेल्या पत्रात मात्र खरी शंका उघड केली : भय ही आत्म्याची वृत्ती आहे, आणि निसर्गाला आत्मा नाही, तर त्याला भय कसे वाटेल? ही शंका एका धार्मिक माणसाची आहे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. आत्मा ही गोष्ट त्याला इतकी मोलाची वाटत होती की ती पाऱ्याला किंवा पाण्याला उधार देणे त्याला पटत नव्हते.

पत्रात सुचवलेला प्रयोग १९ सप्टेंबर १६४८ रोजी पास्कलच्या जन्मगावी, क्लेर्मों येथे, झाला. गावातील एका मठाच्या बागेत पारा सुमारे ७१ सेंटीमीटर उंचीवर होता; तिथे एक नळी तशीच ठेवून शास्ताँ नावाच्या धर्मगुरूला दिवसभर तिच्यावर लक्ष ठेवायला सांगितले गेले, आणि पेरिए काही धर्मगुरू व नागरिकांसह दुसरी नळी घेऊन १,४६५ मीटर उंचीच्या प्वी द दोम या पर्वताच्या माथ्यावर गेला. तिथे पारा सुमारे ६३ सेंटीमीटरवर उतरलेला आढळला. मंडळी इतकी चकित झाली की त्यांनी तीच मोजणी माथ्यावर वेगवेगळ्या जागी, आडोशाला आणि उघड्यावर, पुन्हा पुन्हा केली. परतल्यावर कळले की खालच्या नळीतील पारा दिवसभरात हललाच नव्हता. पर्वताच्या माथ्यावर निसर्गाचे भय पायथ्यापेक्षा कमी असते, असे कोणी म्हणू शकत नव्हते, परंतु माथ्यावर हवेचा थर कमी असतो हे उघड होते. या प्रयोगातील सर्वांत सुंदर भाग पर्वतावरचा नसून मठाच्या बागेतला आहे, कारण न बदलणाऱ्या नळीशिवाय बदललेल्या नळीला काहीच अर्थ उरला नसता, आणि ती राखण्याचे काम एका संन्यस्त माणसाने केले.

पुढे लिहिलेल्या आणि मृत्यूनंतर १६६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन प्रबंधांत पास्कलने हाच विचार सर्व द्रायूंना लावला. द्रव आणि वायू या दोन्ही वाहणाऱ्या पदार्थांना मिळून द्रायू म्हणतात. एकक क्षेत्रफळावर लंब दिशेने पडणारे बल म्हणजे दाब, आणि बंदिस्त द्रायूवर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखा पोचतो. म्हणून पाण्याने भरलेल्या भांड्याला दोन तोंडे असतील आणि एक दुसऱ्याच्या शंभरपट मोठे असेल, तर लहान दट्ट्यावर एका माणसाने लावलेला जोर मोठ्या दट्ट्यावर शंभर माणसांच्या जोराला तोलून धरतो. भांड्याचा आकार कसाही असला तरी तळावरील दाब केवळ पाण्याच्या उंचीवर ठरतो, ही विलक्षण गोष्ट सिमोन स्टेव्हिनने १५८६ मध्येच दाखवली होती. पास्कलने तिला एका व्यापक नियमात बसवले.

याच नियमातून तरंगण्याचे कोडेही सुटते. पाण्यात बुडालेल्या वस्तूचा खालचा पृष्ठभाग वरच्यापेक्षा अधिक खोलीवर असल्याने तिच्यावर खालून पडणारा दाब वरून पडणाऱ्या दाबापेक्षा जास्त असतो, आणि या फरकातून वर ढकलणारे जे बल निर्माण होते त्याला प्लावक बल म्हणतात; त्याचे परिमाण वस्तूने बाजूला सारलेल्या पाण्याच्या वजनाइतके असते, हे आर्किमिडीजने ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात सिद्ध केले होते. शाळेतील विद्यार्थ्याने ताणकाट्याला दगड टांगून तो काठोकाठ भरलेल्या भांड्यात बुडवला, तर काट्यावरचे वजन जेवढे घटते तेवढेच वजन सांडलेल्या पाण्याचे भरते. आणि साध्या पाण्यात तळाशी गेलेले अंडे भरपूर मीठ विरघळवताच वर येते, कारण मिठाचे पाणी अधिक घन असल्याने तेवढ्याच जागेतून बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन वाढते. अ‍ॅरिस्टॉटलच्या मते हलक्या वस्तूला वर जाण्याची अंगभूत ओढ असते. पण अंड्याला मिठाआधी आणि मिठानंतर वेगळी ओढ लागली, असे म्हणता येत नाही. बदलले ते भोवतीचे पाणी. पोकळीच्या भयाप्रमाणेच वर जाण्याची ही ओढही वस्तूच्या अंतरंगातून निघून गेली आणि उरला तो भोवतालच्या दाबांचा हिशेब.

रॉबर्ट बॉईल याने १६६६ मध्ये पास्कलच्या प्रबंधावर एक रास्त आक्षेप घेतला. माणसाने वीस फूट पाण्याखाली बसून नळीचे टोक मांडीला लावावे, यांसारखे प्रयोग पास्कलने स्वतः केल्याचे म्हटलेले नाही आणि ते करणे जवळजवळ अशक्य आहे, असे बॉईलचे म्हणणे होते. नियम पक्का असला तर मनातल्या मनात केलेला प्रयोगही काही शिकवतो, हे खरे. परंतु कल्पिलेला प्रयोग केलेल्या प्रयोगासारखा मांडणे हे पास्कलच्याच कसोटीला उतरत नाही, आणि या बाबतीत बॉईलची बाजू अधिक बळकट आहे.

ती कसोटी कोणती, हे पास्कलने पोकळीवरील अपूर्ण ग्रंथाच्या प्रस्तावनेत सांगितले आहे. इतिहास, भूगोल, भाषा आणि विशेषतः धर्मशास्त्र यांत पूर्वसूरींचे वचन हेच प्रमाण असते, कारण तिथे जाणून घ्यायचे ते त्यांनी काय लिहिले हेच असते. भूमिती, पदार्थविज्ञान, वैद्यक यांत मात्र इंद्रिये आणि बुद्धी यांनाच अधिकार आहे. भारतीय दर्शनांच्या परिभाषेत सांगायचे तर त्याने शब्दप्रमाण, म्हणजे विश्वसनीय वचनातून मिळणारे ज्ञान, आणि प्रत्यक्ष व अनुमान यांची क्षेत्रे वेगळी केली. आद्य शंकराचार्यांनीही गीताभाष्याच्या अठराव्या अध्यायात असेच म्हटले आहे की शंभर श्रुतींनी अग्नी थंड आहे असे सांगितले तरी त्या विषयात त्या प्रमाण ठरणार नाहीत. पास्कलने १६५७ मधील एका पत्रात गॅलिलिओविरुद्धच्या निर्णयाविषयी लिहिले की पृथ्वी स्थिर आहे हे रोमच्या आदेशाने सिद्ध होणार नाही. ती फिरत असेल तर सर्व माणसे मिळूनही तिला थांबवू शकणार नाहीत. शंकराचार्य आणि पास्कल एकमेकांपासून फार दूरचे आणि त्यांचे सिद्धान्तही भिन्न आहेत, परंतु धर्मग्रंथाची प्रतिष्ठा राखायची तर त्याला अग्नीच्या तापमानाची जबाबदारी देऊ नये, ही समज दोघांत सारखी आहे. प्राचीन ग्रंथांत विज्ञानाचे शोध आधीच होते असे सांगून ज्यांना त्या ग्रंथांचा गौरव करायचा असतो, ते नकळत शब्दाला प्रत्यक्षाच्या दारी साक्षीसाठी उभे करतात.

२३ नोव्हेंबर १६५४ च्या रात्री पास्कलला तीव्र धार्मिक अनुभव आला आणि त्याची नोंद त्याने आपल्या कोटाच्या अस्तरात शिवून अखेरपर्यंत जवळ बाळगली. मृत्यूनंतर १६७० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या विचारसंग्रहात एक आश्चर्यकारक गोष्ट आढळते : निसर्गाची रचना दाखवून ईश्वर सिद्ध करण्याचा मार्ग त्याने जवळजवळ पूर्णपणे नाकारला. ज्याने हवा आणि पाणी यांची इतकी नियमबद्धता पाहिली होती, त्याला त्या नियमबद्धतेचा युक्तिवाद सहज करता आला असता. परंतु नळीतून जेवढे निघते तेवढेच म्हणायचे, हा संयम त्याने श्रद्धेच्या बाजूनेही पाळला. शिवाय भयरहित, इच्छारहित झालेला निसर्ग आता काही बोलतच नव्हता, आणि अनंत अवकाशाच्या त्या मौनाचे भय त्याने माणसाच्या बाजूने लिहून ठेवले. पाऱ्याला पोकळीचे भय नसते. ते माणसाला असते, आणि ते चुकवण्यासाठी तो खेळ, शिकार, राजकारण, युद्ध यांत स्वतःला गुंतवून ठेवतो, असे त्याचे निदान होते. ही अंतरंगातील पोकळी ईश्वरानेच भरते, या त्याच्या उत्तराला कोणताही ताणकाटा दुजोरा देऊ शकत नाही, आणि त्यानेही तसा दुजोरा कधी मागितला नाही.

त्याने मागितला नाही, याचे कारण त्याच्या तीन श्रेणींच्या सिद्धान्तात आहे. देह, बुद्धी आणि ईश्वरी प्रेम या तीन श्रेणी त्याच्या मते एकमेकींपासून अनंत अंतरावर आहेत. सर्व देह एकत्र केले तरी त्यातून एक लहानसा विचार निर्माण होणार नाही, आणि सर्व देह व सर्व बुद्धी मिळूनही प्रेमाची एक हालचाल घडणार नाही. हे लिहिणाऱ्या माणसाने १६६३ च्या प्रबंधात पृथ्वीवरील सगळ्या हवेचे वजनही काढले होते : ८३ या आकड्यापुढे १७ शून्ये लिहिल्यावर जी संख्या येते, सुमारे तितके तत्कालीन फ्रेंच पौंड, म्हणजे आजच्या मोजणीच्या सुमारे चार-पंचमांश.