दगडावरची रेघ

घरी काडतुसे भरणाऱ्या नेमबाजांत एक समजूत आढळते: दारू जितकी भरभर जळणारी, तितकी नळी लवकर झिजणार. आपल्याकडे हा छंद रूढ नाही. 1959चा शस्त्र कायदा परवान्याशिवाय काडतूस बनवू देत नाही. तरी ती समजूत तपासण्याजोगी आहे, कारण रागाबद्दलही आपण असेच बोलतो. भडकणारा माणूस वाईट, आतल्या आत धुमसणारा त्या मानाने बरा. नळीची साक्ष वेगळी आहे. भरभर जळणाऱ्या दारूचा दाब झटकन शिगेला जातो, पण ती भरतात थोडी. बारीक नळी आणि मोठे काडतूस असलेल्या रायफलीत सावकाश जळणारी दारू भरपूर लागते. तिचा तप्त वायू नळीच्या सुरुवातीचे आटे भाजून काढतो आणि अशी नळी हजार-दोन हजार बारांतच अचूकपणा गमावू शकते. पॉइंट बावीसची नळी चिमूटभर दारूवर कैक हजार बार काढते. नायट्रोग्लिसरीन मिसळलेली दारू जास्त तापते, तिने झीजही वाढते. दारूची जात, तिचे माप, आचेचा काळ, दाबाचा जोर, हे सगळे हिशेबात धरावे लागते.

हातकणंगले तालुक्यातल्या जैन श्रावकाला हा हिशेब परका वाटू नये. तत्त्वार्थसूत्रात कर्मबंधाचे चार प्रकार आहेत: प्रकृती, स्थिती, अनुभाग, प्रदेश, म्हणजे स्वभाव, मुदत, तीव्रता आणि परिमाण. गोम्मटसार हा ग्रंथ क्रोधाची प्रत दगडावरच्या, जमिनीवरच्या, धुळीतल्या आणि पाण्यावरच्या रेघेने लावते.  रेघ जितकी उशिरा पुसते, तितका क्रोध तीव्र. याच तालुक्यात कुंभोजजवळ ज्याची 28 फुटी मूर्ती उभी आहे, त्या बाहुबलीचेच पाहा. मल्लयुद्धात उचललेल्या थोरल्या भावाला, भरताला, त्याने आपटले नाही, अलगद खाली ठेवले. भडका क्षणात शमला. पण आपण भरताच्या भूमीवर उभे आहोत, ही बारीक सल वर्षभराच्या तपातही केवलज्ञानाच्या, म्हणजे संपूर्ण ज्ञानाच्या, आड येत राहिली, असे परंपरा सांगते.

कोणी म्हणेल, लोखंड निर्जीव, जीवाशी त्याची तुलना कसली? तुलनेने जीवाविषयी काही सिद्ध होत नाही, हे मान्य. पण जैन मतात कर्मही पुद्गलच, जड द्रव्यच. तेव्हा इथे हा दाखला इतरत्र वाटेल तितका ओढूनताणून आणलेला नाही. दुसरा आक्षेप वजनदार आहे: जलद दारू चुकून जास्त पडली तर पहिल्याच बाराला बंदूक फुटते, माणूस जातो. खरे आहे, आणि भडक्यात झालेल्या खुनाचे पाप कोणी हलके करू नये. मात्र ते फुटणे झाले, झिजणे नव्हे. फुटलेली बंदूक सगळ्यांना दिसते. झिजलेली नळी बाहेरून चकचकीतच असते. गोळी तेवढी बाजूला जाऊ लागते.