हातात पडणारी रक्कम

आपला पगार पुरेसा आहे की नाही, हे माणसाला साडूचा पगार कळेपर्यंत नक्की सांगता येत नाही. माझे साडूभाऊ निपाणीचे. मी कोल्हापूरचा, सरकारी कारकून. ते तिकडच्या सरकारी मराठी शाळेत मास्तर. मधे अंतर चाळीसेक किलोमीटरचे; पण कागल सोडून दूधगंगेचा पूल ओलांडला की पाट्यांची अक्षरे गोल होतात, आणि पगाराचा हिशेबही वेगळ्या वहीत जातो.

ते निवृत्त होईपर्यंत आम्ही दोघे दर दिवाळीला आपापल्या पगाराची चिठ्ठी तोंडपाठ करून भेटत असू. ऑगस्ट 2024 मध्ये त्यांच्याकडे नवे वेतन लागू झाले आणि किमान मूळ पगार 27,000 झाला. आमच्याकडे तो 15,000. आमच्या सौ.नी हे पेपरात वाचले आणि दोन दिवस मला आमटीत मीठ कमी पडले. शेवटी कागद-पेन्सिल घेऊन बसलो. आमच्या पंधरा हजारांवर महागाई भत्ता त्या जानेवारीपासूनच 50 टक्के धरला होता, म्हणजे बेरीज साडेबावीस, फरक साडेचारच! त्यांचा जुना भत्ता मुळात मिसळलेला. "पण नवा भत्ता त्यांना सत्तावीसवर मिळणार ना?" सौ. म्हणाल्या. बायकांना गणित येत नाही असे म्हणणाऱ्या इसमाला मी शोधतो आहे.

व्यवसाय कराचेही तसेच. आमचे महिन्याला दोनशे कापतात, आणि फेब्रुवारीत तीनशे. ज्या महिन्याला दिवस कमी, त्याच महिन्यात कात्री मोठी! कारण असे, की घटनेने या कराला वर्षाला 2,500 रुपयांची मर्यादा घातली आहे आणि बाराने भागले की शंभर उरतात. कर्नाटकात बरीच वर्षे बाराही महिने दोनशेच होते. 2025 साली त्यांनीही फेब्रुवारीचे तीनशे केले. "चला, एका बाबतीत तरी आमचं एकीकरण झालं," साडूभाऊ म्हणाले.

खर्चाच्या बाजूला मात्र आमचा पाडाव ठरलेला. त्यांचे नंदिनी दूध आमच्या गोकुळपेक्षा स्वस्त. जून 2023 पासून मेव्हणीबाई निपाणीहून बेळगावला साध्या बसने फुकट जातात. आमच्या सौ.ना एसटीत अर्धे तिकीट. पुढे पंचाहत्तरी गाठली की पूर्ण माफ, म्हणजे त्यांनी फक्त म्हातारे व्हायचे आहे. तिकडे घरच्या विजेला दोनशे युनिटपर्यंत बिल नाही. तिथल्या भांडीवाल्या बाईंना सरकार महिन्याला दोन हजार देते, आमच्या बाईंना लाडकी बहीण म्हणून पंधराशे. पेट्रोलही थोडे कमी. आमचे एक शेजारी एवढ्यासाठी स्कूटर घेऊन निपाणीला जातात. टाकीत पाच लिटर मावते, वाचतात मोजके रुपये, आणि जाण्यायेण्यात दीड लिटर जळते. त्यांना हा हिशेब सांगायचा धीर आमच्या गल्लीत कुणाला झालेला नाही.

एवढे सगळे असताना साडूभाऊ दर एक नोव्हेंबरला काय करत असतील? दंडाला काळी फीत लावून बेळगावला फेरीला जातात. नोकरीत असताना जाता येत नव्हते, ती बाकी आता फेडतात. 1956 साली निपाणी म्हैसूर राज्यात गेली. यांचे वडील तेव्हापासून महाराष्ट्राची वाट बघत गेले. 2004 पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे, म्हणजे आता वाट बघायला पावती तरी आहे.

मी एकदा स्पष्टच विचारले, "साडूभाऊ, इकडे आलात तर वीजबिल, दूध, पेट्रोल धरून महिन्याला हजार-दीड हजाराचा खड्डा पडेल. मग हा अट्टहास कशाला?"

ते उठले आणि आतून जमिनीचा उतारा घेऊन आले. दीड एकर, वडिलोपार्जित. अथपासून इतिपर्यंत कानडी. "हा माझाच हाय म्हंत्यात," ते म्हणाले. "वाचून घ्यायला चौकातल्या पोराकडं जातो. चाळीस वर्सं पोरांना वाचायला शिकवलं की ओ मी. आता हे कुठल्या रकान्यात धरू, सांगा."

मी पेन्सिल कानाला लावली. हे घरभाड्यात बसेना, प्रवासात बसेना. मला हा प्रश्न कधी पडलाच नव्हता, कारण मी नदीच्या अलीकडे जन्मलो. माझा उतारा मला वाचता येतो (समजत नाही, ते सोडा). मातृभाषेत वाचण्याचे भाडे म्हणून महिन्याला हजार रुपये भरा, असे उद्या मला कुणी म्हटले तर? भरीन, असे चटकन म्हणावेसे वाटते. पण मग आठवते, भाजीवालीशी दोन रुपयांवरून मी परवाच केवढा वाद घातला होता. त्यातून, पोरांची शाळा इंग्रजी. ते भाडे मी वेगळे भरतोच आहे.

मेव्हणीबाईंचे मत याहून सोपे आहे. महाराष्ट्रात जायला त्यांची हरकत नाही, फक्त नंदिनीची गाडी आणि बसचे फुकट तिकीट बरोबर आणायचे.

"आणि पेट्रोल?" मी साडूभाऊंना विचारले. "निपाणी महाराष्ट्रात आली, तर कुठं भरणार?"

"सरहद्द जिथं सरकंल तिथं," साडूभाऊ म्हणाले, आणि उतारा घडी करून आत ठेवायला गेले.