देह उरतो, ऋण जाते

भारतीय धर्मविचारात ऋण हा शब्द पैशाच्या देवघेवीपुरता कधीच नव्हता. तैत्तिरीय संहितेने जन्मास येणारा ब्राह्मण ऋषी, देव आणि पितर अशा तिघांचा देणेकरी म्हणूनच जन्मतो असे मानले आणि पुढच्या परंपरेने ही कल्पना मनुष्यमात्रापर्यंत विस्तारली. दुसरीकडे स्मृतिकारांनी न्यायाची जी अठरा व्यवहारपदे, म्हणजे तंट्यांचे जे अठरा प्रकार सांगितले, त्यांत पहिला मान ऋणादानाला, कर्जाच्या परतफेडीच्या तंट्याला दिला. कर्ज न फेडता मेलेला मनुष्य पुढच्या जन्मी धनकोच्या घरी दास किंवा पशू होऊन राबतो, अशी त्यांची धारणा होती. ही धारणा मान्य केली की एक प्रश्न टाळता येत नाही: न फेडलेले ऋण फेडीशिवाय संपू शकते काय, आणि संपत असेल तर ते कोणाच्या अधिकाराने संपते?

अक्कलकोटात हा प्रश्न निराळ्या बाजूने उभा राहतो. श्रीस्वामी समर्थ सुमारे १८५६ साली या संस्थानी गावात आले आणि ३० एप्रिल १८७८ रोजी, चैत्र वद्य त्रयोदशीला, त्यांनी येथेच देह ठेवला. भक्तपरंपरा त्यांना श्रीपाद श्रीवल्लभ आणि नृसिंह सरस्वती यांच्या मालिकेतील दत्तावतार मानते. गाणगापुराहून निघून कर्दळीवनात गुप्त झालेले नृसिंह सरस्वतीच वारुळातून पुन्हा प्रकट झाले, अशी तिची श्रद्धा आहे. या श्रद्धेत देहाच्या आणि नावाच्या बदलाला महत्त्व नाही, महत्त्व आहे ते बांधिलकीच्या सातत्याला: एका देहाने भक्तांना दिलेले अभय पुढच्या देहावरही बंधनकारक राहते. कर्मसिद्धांताचेही म्हणणे हेच आहे, फक्त तेथे अभयाच्या जागी देणे असते. देह जातो, ऋण उरते.

आधुनिक दिवाळखोरीच्या कायद्याने हे नाते नेमके उलटे केले आहे. तेथे देह उरतो आणि ऋण जाते. समुद्रातील तेलविहिरींवर माणसे पोहोचवणाऱ्या हेलिकॉप्टर कंपन्यांच्या अलीकडच्या इतिहासात ही उलटापालट जितकी स्पष्ट दिसते तितकी क्वचितच अन्यत्र दिसेल. १९७४ मध्ये ‘सागरसम्राट’ या तेलखोदाईच्या फलाटाने मुंबईच्या पश्चिमेला समुद्रतळाखाली तेल शोधल्यापासून हा व्यवसाय महाराष्ट्रालाही परका राहिलेला नाही. जुहूच्या विमानतळावर कामगाराचे व त्याच्या सामानाचे वजन होते, अंगावर जीवरक्षक जाकीट चढते, आणि चौदा दिवसांच्या पाळीसाठी तो दीडशेहून अधिक किलोमीटर दूरच्या फलाटावर उतरतो. ही वाहतूक तेलकंपन्यांच्या दीर्घ करारांवर चालते आणि हेलिकॉप्टरे बहुधा कर्जाऊ पैशावर किंवा भाडेपट्ट्यावर घेतलेली असतात. तेलाचा भाव चढा असताना हे ओझे सहज पेलले जाते; पण २०१४ च्या मध्याला पिंपामागे शंभर डॉलरच्या वर असलेला भाव २०१६ च्या आरंभी तीस डॉलरच्या खाली उतरला, तेव्हा नव्या विहिरींचे काम थांबले, फेऱ्या घटल्या, आणि भाडेपट्ट्याचे हप्ते मात्र जसेच्या तसे राहिले.

सीएचसी या मूळच्या कॅनडातील कंपनीने ५ मे २०१६ रोजी अमेरिकेतील डॅलसच्या न्यायालयात संरक्षण मागितले. भाड्याची अनेक हेलिकॉप्टरे मालकांना परत करून आणि देण्याची फेरमांडणी करून ती मार्च २०१७ मध्ये बाहेर पडली. पीएचआय ही कंपनी २०१९ च्या मार्चमध्ये याच वाटेने गेली आणि सप्टेंबरमध्ये परतली. तिच्या कर्जरोख्यांचे धारक, म्हणजे कालचे सावकार, मालक झाले. १९५५ साली स्थापन झालेली ब्रिस्टो ही या क्षेत्रातील सर्वांत नामांकित कंपनी मे २०१९ मध्ये न्यायालयात गेली, ३१ ऑक्टोबरला मुक्त झाली आणि जून २०२० मध्ये एरा या दुसऱ्या कंपनीशी एकत्र झाली. या एकत्रीकरणाचा तपशील तत्त्वचिंतकाने थांबून पाहावा असा आहे. कायद्याच्या दृष्टीने जी कंपनी टिकली ती एरा, परंतु तिने स्वतःचे नाव टाकून ब्रिस्टो हे नाव धारण केले. देह एकाचा, नाव दुसऱ्याचे, वैमानिक आणि यंत्रे बव्हंशी पूर्वीचीच, आणि जुने देणे मात्र कोणाच्याच अंगावर पूर्ववत नाही. परकायाप्रवेशाच्या कथांतही इतकी सोय नसते, कारण तेथे प्रवेश करणाऱ्याचे कर्म त्याच्यासोबत जाते.

ही मुक्ती म्हणजे अधर्म आहे, असा निष्कर्ष घाईने काढणे चूक ठरेल, कारण ज्या परंपरेने ऋणाला जन्मान्तरापर्यंत लांबवले तिनेच धनकोच्या हावेला कुंपणही घातले होते. दामदुप्पट हा नियम त्याचे ठळक उदाहरण आहे. कोणत्याही एका वेळी वसूल होणारे व्याज मुदलाहून अधिक असू नये, असे हा नियम सांगतो, आणि मुंबई इलाख्यातील न्यायालयांनी तो इंग्रजी अमलातही हिंदू ऋणकोंना लागू केला. कर्ज देणारा जोखमीत सहभागी असतो आणि म्हणून नुकसानीतही त्याचा वाटा असतो, हा विचार या नियमाच्या मुळाशी आहे. कर्जरोख्याचा धारक भागधारक होतो तेव्हा तोच विचार आजच्या भाषेत बोलतो.

महाराष्ट्राने कर्जखत नष्ट होताना तीन प्रकारे पाहिले आहे. १८७५ च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे येथे आणि नंतर नगरच्या बाजूला शेतकऱ्यांनी सावकारांची खते हिसकावून जाळली. त्यातून १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला आणि तो आरंभी पुणे, सातारा, सोलापूर व नगर या चार जिल्ह्यांना लागू झाला. म्हणजे स्वामींच्या अक्कलकोटातील अखेरच्या वर्षांत या संस्थानाभोवतीचा सारा मुलूख कर्जाच्या प्रश्नाने धुमसत होता. दुसरा प्रकार न्यायालयाच्या शिक्क्याचा. तिसरा प्रकार १८७५ च्याही दोन शतकांहून अधिक आधीचा: दुष्काळात व्यापार बुडून स्वतः दिवाळे अनुभवलेल्या तुकारामांनी घराण्याच्या सावकारीतील आपल्या वाट्याची खते इंद्रायणीत सोडली, असे परंपरा सांगते. आगीत ऋणकोचा क्रोध होता आणि शिक्क्यात राज्याची सत्ता आहे. इंद्रायणीत मात्र धनकोने आपला हक्क स्वतःहून सोडला. धर्माच्या दृष्टीने ऋण खऱ्या अर्थाने संपते ते याच ठिकाणी, कारण घेणाऱ्याच्या मनातूनही ते पुसले गेलेले असते. तुकारामांनी भावाच्या वाट्याच्या खतांना हात लावला नाही, हा तपशीलही तितकाच मोलाचा आहे: क्षमा ज्याची त्यानेच करायची असते.

स्वामींच्या चरित्रपरंपरेतील हरिभाऊ तावडे यांची कथा येथे आठवणे अगत्याचे आहे. मुंबईतील त्यांच्या एका स्नेह्याला व्यापारात ठोकर बसली, कर्जातून सुटल्यास अक्कलकोटी दर्शनाला येईन असा त्याने नवस केला, कर्ज फिटले आणि मंडळी अक्कलकोटास आली, इथवर ही कोणत्याही नवसाची कथा आहे. पुढे जे घडले ते निराळे आहे. हरिभाऊंनी घरातील चीजवस्तू वाटून टाकली आणि ‘स्वामीसुत’ या नावाने ते विरक्त होऊन राहिले. ज्या कृपेने कर्ज फिटले असे त्यांनी मानले, त्या कृपेची परतफेड पैशात होत नाही हे त्यांना उमगले होते. अक्कलकोटच्या अन्नछत्रात आजही पंगतीला बसणाऱ्यास कोणी किंमत विचारत नाही. पान मांडले जाते, वाढले जाते, आणि देणे कोणत्याही वहीत चढत नाही.

मराठीत दिवाळे निघणे हा शब्दप्रयोग ज्या प्रथेवरून आला असे मानतात, त्या प्रथेत बुडालेला व्यापारी दुकानात भर दिवसा दिवा लावून बसत असे. उजेडाची गरज नसताना जळणारा तो दिवा म्हणजे जाहीर कबुली होती. आजच्या प्रक्रियेत अर्ज आहे, याद्या आहेत, बँकवाले ज्याला ‘हेअरकट’ म्हणतात ती सूट आहे. कबुलीला मात्र जागा उरलेली नाही. ही उणीव किरकोळ नाही, कारण काही ऋणे यादीत येतच नाहीत. सीएचसी न्यायालयात गेली त्याच्या सहाच दिवस आधी, २९ एप्रिल २०१६ रोजी, नॉर्वेतील तुरोय बेटाजवळ तिचे हेलिकॉप्टर कोसळून १३ जण दगावले होते. तपासात दोष दातेरी चाकाच्या धातूला गेलेल्या तड्यात निघाला, कंपनीच्या कारभारात नव्हे. १३ जानेवारी २०१८ रोजी जुहूहून तेलक्षेत्राकडे निघालेले पवनहंस या सरकारी कंपनीचे हेलिकॉप्टर समुद्रात पडले आणि त्यातील सातही जण गेले. दोष कोणाचाही असो, अशा मृतांच्या घरांचे देणे कोणत्याही योजनेने शून्यावर आणता येत नाही. कंपनीला नवा जन्म देणाऱ्या न्यायालयाने तरी आपण फक्त पैशाचा हिशेब मिटवला आहे, हे स्पष्ट शब्दांत नोंदवले पाहिजे.

भारताने २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेने हीच वाट धरली. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२१ मध्ये घनश्याम मिश्रा प्रकरणात असा निर्णय दिला की बुडीत कंपनी सावरण्याच्या मंजूर योजनेत ज्याचा समावेश नाही असा कोणताही जुना दावा, अगदी सरकारचाही, उरत नाही. नव्या मालकाला कोरी पाटी मिळते. मात्र कोरी पाटी देताना घेतलेला शब्द पाळावा लागतो, हेही पवनहंसच्या बाबतीत दिसले. २०२२ मध्ये सरकारने आपला ५१ टक्के हिस्सा २११.१४ कोटी रुपयांना एका समूहाला विकण्याचे ठरवले, पण त्या समूहातील एका भागीदाराने दुसऱ्या एका बुडीत कंपनीच्या योजनेत दिलेले वचन पाळले नाही असा न्यायाधिकरणाचा आदेश समोर आला, आणि २०२३ मध्ये विक्रीच रद्द झाली. वचनभंगाचे कर्म येथे एका कंपनीतून दुसरीपर्यंत पोहोचले. ही घटना धर्मविचाराला कायद्याच्या अधिक जवळ आणते.

खरा अन्याय आहे तो अन्यत्र. ज्याला आत्मा नाही, ज्याला पितृऋण नाही, ज्याच्या मागे रडणारे कोणी नाही, त्या कंपनीला पुनर्जन्माचे दार उघडले आहे. आणि अक्कलकोट तालुक्यातील कोरडवाहू शेतकऱ्याला, ज्याच्या मनावर बापाच्या कर्जाचेही ओझे असते, वाट पाहावी लागते ती सरकारी कर्जमाफीची, जी २००८, २०१७ आणि २०१९ अशी अधूनमधून येते आणि हक्क म्हणून कधीच येत नाही. व्यक्तींच्या नादारीसाठी त्याच २०१६ च्या संहितेत तिसरा भाग लिहिलेला आहे. १ डिसेंबर २०१९ पासून तो अमलात आला तो केवळ कंपन्यांच्या कर्जाला जामीन राहिलेल्या व्यक्तींसाठी. सामान्य ऋणकोला तो अद्याप लागू झालेला नाही.